‘सोपा फॅमिली ट्रेक’ला पैसे भरले, मुलांना धबधबा दाखवला मात्र पाताळपाणीला

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक, जुलैत पैसे भरून केलेला ग्रुपचा ट्रेक, आणि दुसरी, त्यानंतर तीन आठवड्यांनी आम्ही आमचीच गाडी काढून गेलो ती इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याची फेरी. ग्रुपवाल्यांचं नाव लिहीत नाही, कारण मुलं चांगली आहेत बिचारी, कॉलेजातली वाटली. आणि त्यांनी नेलं त्या कुंडाचंही नाव मुद्दाम टाळतेय, नाहीतर कोणीतरी वाचून पोरं घेऊन तिथेच जाईल.

तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, इंदूरजवळ, फॅमिली फ्रेंडली, लेव्हल सोपी, फक्त दोन किलोमीटर, चार वर्षांपुढची मुलं आरामात चालतात. माणशी साडेसातशे, मुलांचे निम्मे. माझा मोठा सहाचा आणि धाकटी पावणेचारची, म्हटलं तीन महिन्यांनी काय फरक पडतो, चार लिहून टाकलं. इथे चूक माझी, कबूल.

सकाळी सहाला भंवरकुआं चौराह्यावर बोलावलं, बस आली सात वाजून गेल्यावर. तोवर पोहे-जिलेबी खाऊन झाली होती त्यामुळे कोणी फार कुरकुर केली नाही, इंदूरच्या माणसाला पोहे मिळाले की तासभर तो काहीही सहन करतो. पुढचे दोन किलोमीटर खरंच सपाट होते, सोयाबीनच्या शेतांमधून बांधाबांधाने. पण पावसातली आपली काळी माती माहितीये ना? दहा पावलात प्रत्येक बुटाला किलोभर चिखल. धाकटीचा एक सँडल तर मातीने गिळलाच, काठीने उकरून काढला.

आणि मग ते दोन किलोमीटर संपले आणि समोर सरळ दरी. म्हणजे ‘ट्रेक’ तिथपर्यंतचाच होता म्हणे, कुंडापाशी उतरायचं ते वेगळं, ते मोजलेलंच नव्हतं! शेवाळलेले दगड, मध्ये एके ठिकाणी दोरी बांधलेली, अडतीस माणसं आणि सोबत ग्रुपवाल्यांची कॉलेजातली दोनच मुलं. एक पुढे, एक मागे, मध्ये आपला देव. मी थोडं उतरले आणि म्हटलं बस, मी आणि धाकटी इथेच. आम्ही दोघी पावणेदोन तास एका दगडावर बसलो, बिस्किटं खाल्ली, मुंगळे मोजले. मोठा बाबांबरोबर खाली गेला, खूष होता, फोटोही छान आलेत, पण वर येताना निम्म्यातच बसकण मारली आणि सहा वर्षांचं धूड पाठीवर घेऊन ह्यांना चढावं लागलं, दोन दिवस गुडघे चोळत होते. टॉयलेटचं विचारलं तर ‘नेचर है ना मॅडम’. संध्याकाळी मी शांतपणे मेसेज केला की हे लहान मुलांसाठी नाही, तसं लिहा तरी. उत्तर काय आलं, ‘मॅम, किलोमीटर तो दो ही थे.’

हे वाक्य डोक्यात बसलंय माझ्या. सोपं म्हणजे किती किलोमीटर एवढंच मोजतात लोक. चार वर्षांचं पोरगं सपाटीवर नाचत नाचत दोन काय तीन किलोमीटर जाईल, पण गुडघ्याएवढी एक दगडी पायरी उतरायची म्हटली की त्याच्यासाठी ती भिंतच. चढताना तरी हात टेकून चढतात, उतरताना पुढे तोंड करून धावतात आणि तिथेच घसरतात.

त्यात आपल्याकडची गंमत अशी की इथले धबधबे उलटे आहेत. माझी नणंद पुण्याची, ती आली की सुरू होते, आमच्याकडे ताम्हिणीला गाडीतूनच धबधबे दिसतात, उतरलं की भिजलं. बरोबर आहे तिचं, तिथे रस्ता बऱ्याचदा खालून जातो आणि पाणी वरून अंगावर येतं. आपण राहतो माळव्याच्या पठारावर. हे पठार महू-सिमरोल-मानपूरच्या पलीकडे संपतं आणि एकदम नर्मदेच्या खोऱ्याकडे तुटतं, विंध्याची कडा ती. म्हणजे आपण गाडीने पोचतो तेच मुळी धबधब्याच्या डोक्यावर, पाणी आपल्या पायापासून खाली जातं. त्याच्या पायथ्याशी जायचं तर आधी उतरा आणि मग मुलं दमली, भुकेली, ओली झाली की वर चढा. सगळी मेहनत शेवटी. म्हणून माझं स्पष्ट मत, पोरं लहान आहेत तोवर इंदूरच्या आसपासचा धबधबा वरूनच बघायचा, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

पाताळपाणी त्याकरता एक नंबर. घरापासून पस्तीसेक किलोमीटर, राऊ, महू आणि मग छोटा रस्ता, शेवटी थोडा खड्ड्यांचा. गाडी लावली की अगदी थोडं चालायचं आणि समोर चोरल नदी सरळ खाली कोसळताना दिसते, सुमारे तीनशे फूट सांगतात. पाऊस चांगला झालेला असला तर आधी आवाज येतो, मग वारा थंड लागतो आणि मग तुषार. धाकटी दोन मिनिटं गप्प उभी होती, आमच्याकडे ही ऐतिहासिक घटना आहे. कडेला रेलिंग आहे, पण रेलिंग मोठ्या माणसांच्या मापाची असते, लहान पोर मधून वाकू शकतं, त्यामुळे एक मूल एक मोठा माणूस हा हिशोब सोडू नका. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो ते ह्यासाठीच (त्यांना हे सांगितलेलं नाही).

आणि धबधब्याच्या वरच्या बाजूला नदीपात्रात उतरायचं नाही म्हणजे नाही. इंदूरच्या कोणालाही 2011 चा जुलै विसरता येणार नाही, पाताळपाणीलाच एका घरातली माणसं पात्रात उभी होती आणि अचानक लोंढा आला, पाचजण वाहून गेले, तिघं गेले त्यातले. टीव्हीवर ते दृश्य दिवसभर दाखवत होते, मी तेव्हा कॉलेजात होते, आईने टीव्ही बंद केला होता. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस पडत असतो वरच्या गावांकडे, ते पाणी मागाहून येतं. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत यायला लागली, आवाज बदलला, की पोरं उचलायची आणि मागे व्हायचं, चप्पल राहिली तर राहू दे. पण मुळात उतरूच नका, मग हे सगळं बघायची वेळच येत नाही.

मग मुलांनी भिजायचं कुठे? तर वाटेच्या कडेला पावसाचं पाणी वाहत होतं, घोट्याच्याही खाली, तिथे माझी दोन्ही पोरं तासभर पानाच्या होड्या सोडत बसली. तीनशे फुटी धबधब्याला दहा मिनिटं आणि त्या पाटाला एक तास! हे आधी कळलं असतं तर साडेसातशे वाचले असते.

भुट्टा खाल्लाच (नणंद अजून ‘कणीस’ म्हणते, ठेलेवाला तिच्याकडे बघतच राहतो). पण माकडांपासून सांभाळून. एका माकडाने सासूबाईंच्या हातातलं वेफर्सचं पाकीट असं काही नेलं की जणू तिकीट चेक करायला आलं होतं. हातात पिशवी ठेवूच नका, सगळं सॅकमध्ये.

आता खरी पैसा वसूल गोष्ट, ती हेरिटेज ट्रेन. पाताळपाणी ते काळाकुंड, जुनी मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची, 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली. बाकी सगळीकडे मोठी लाईन टाकतायत, हा घाटातला तुकडा तेवढा जपून ठेवलाय. पावसाळ्यात सहसा शनिवार-रविवारी असते, वेळा बदलत राहतात तेव्हा बुकिंग करतानाच बघा, आणि लवकर करा, काचांचा डबा आधी भरतो. आम्हाला साध्या डब्याची मिळाली आणि उलट बरं झालं, खिडकी उघडी, वारा, मातीचा वास. गाडी धबधब्यासमोर थांबते, मग हळूहळू घाट उतरते, चार बोगदे येतात आणि प्रत्येक बोगद्यात डबाभर पोरं किंचाळतात. तुम्हाला डोकेदुखी असेल तर गोळी घेऊनच बसा. माझा मोठा पूल मोजत होता, विसाच्या पुढे त्याची गिनती डगमगते त्यामुळे आकडा काही सांगू शकत नाही. विचार करा, तोच घाट, तीच दरी, आणि उतरायचं-चढायचं काम इंजिन करतंय!

सासूबाईंनी वाटेत नातवाला सांगितलं की ही लाईन आपल्या होळकरांच्या पैशाने झाली. तुकोजीराव दुसरे, त्यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाने दिले होते, 1870 च्या दशकात खंडव्याहून इंदूरपर्यंत गाडी आली ती त्यातून, होळकर स्टेट रेल्वे नावच होतं. नातवाने विचारलं, मग परत दिले का? आजी म्हणाली, व्याजासकट घेतात रे होळकर. पुढे दोन बोगदे ह्याच विषयावर चर्चा.

काळाकुंडला उतरलं की कलाकंद. पळसाच्या पानात देतात, दाणेदार, फार गोड नाही, मी इंदूरची असून सांगतेय की आमच्या सराफ्याच्या खाऊगल्लीतलासुद्धा कधी कधी ह्याच्यापुढे फिका वाटतो. दोन पानं खाल्ली, चार घरी आणायला घेतली, घरी एक पोचलं. स्टेशनला वेळ भरपूर मिळतो, तेव्हा पोळी-भाजीचा डबा, चटई आणि मुलांचे कोरडे कपडे जवळ ठेवा. नदी जवळच आहे, पण ही तीच चोरल, वरून जी कोसळते ती, त्यामुळे आम्ही लांबूनच नमस्कार केला.

तिंछाच्या धबधब्याबद्दल विचाराल तर, सिमरोलचं आयआयटी माहिती असेल त्याच बाजूला, इंदूरहून पंचवीसेक किलोमीटर, आणखी जवळ. दृश्य सुंदर, दरी खोल. पण आम्ही रविवारी गेलो, गर्दी आणि गाण्यांचा गोंधळ इतका की धबधब्याचा आवाज शोधावा लागला. सकाळी नऊच्या आत गेलात तर वरून बघून परत यायला ठीक. खाली नाही.

ज्यांना पोरांना आधी चालायची सवय लावायचीये त्यांनी राळामंडलची टेकडी करा, शहराला लागूनच, वर होळकरांचं शिकारगाह आहे, धबधबा नाही पण हरणं दिसतात आणि पोरगं किती चालतं ते तुम्हाला कळतं. माझी धाकटी किती चालते ते मला आता कळलंय, निम्मी वाट.

आकडे द्यायचे तर ग्रुपचा ट्रेक पाचपैकी दीड, तो दीडसुद्धा पुरी-भाजी गरम होती म्हणून. दहा वर्षांपुढची मुलं असतील तर कदाचित तीन. पाताळपाणी अधिक ट्रेन साडेचार, अर्धा मार्क वेफर्सचा कापला. ऑगस्ट-सप्टेंबरात जा, होळीनंतर गेलात तर नुसता दगड दिसेल. आणि सँडल मागून पट्टा असलेलीच घाला मुलांना, आमची एक अजूनही वास मारते, बाल्कनीत ठेवलीये.