पार्सलचं वजन ८.२ किलो: रीकोनच्या नावाखाली गेलेली अल्निको जोडी

४८,९९० रुपये. त्यातले ४७,३५० स्पीकर रीकोन (कोन आणि कॉइल नव्याने बसवणं) करून देतो म्हणणाऱ्या कारागिराच्या खात्यात गेले आणि १,६४० कुरियरला. १२ इंची अल्निको वूफरची, म्हणजे अल्निको मिश्रधातूचा चुंबक असलेल्या खालच्या सुरांच्या स्पीकरची जोडी गेली ती वेगळीच. तिची किंमत यात धरलेली नाही, कारण तशी जोडी पैसे मोजूनही सहज मिळत नाही. आकडे आधीच मांडतो, म्हणजे "नक्की किती गेले रे?" असं हळूच बाजूला घेऊन कोणी विचारायला नको.

चाल तुम्हाला माहीत आहे. कामाचे देखणे फोटो, थोडासा अॅडव्हान्स, मग दर आठवड्याला एक नवी अडचण आणि तिच्यासोबत एक रक्कम. माझे हप्ते असे: अॅडव्हान्स ९,०००. कोन, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी), स्पायडर (तिला मधोमध धरणारी लवचीक चकती) यांचा संच १४,५००. मॅग्नेट पुन्हा चार्ज करायचे ७,२५०. क्रॉसओव्हरसाठी (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) "मॅच केलेले" कॅपॅसिटर ४,८००. पार्सल निघालं म्हणून बाकी ११,८००. प्रत्येक रकमेला त्याच्याकडे कारण होतं, आणि दुर्दैव असं की यातलं ज्याला थोडंफार कळतं त्यालाच ते पटेल असं होतं.

नुसता फोम सराउंड (कोनाच्या कडेची लवचीक पट्टी) बदलायचा असता तर मी वूफर कोणाकडे पाठवलाच नसता. ते घरचं काम आहे. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने सडतो, कडा चिकट होऊन भुगा पडतो. उरलेला फोम काढायचा, जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून खरवडायचा, डस्ट कॅप (कोनाच्या मधली टोपी) कापून कॉइल आणि पोल पीस (तिच्या आतला लोखंडी दांडा) यांच्यामध्ये चहूबाजूंनी प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या घालायच्या, म्हणजे कॉइल मधोमध बसते. आधी कोनाला चिकटवायचं, सुकल्यावर बास्केटला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला. गोंद सावकाश सुकणारा हवा, थोडा वेळ सरकवायला मुभा देणारा. इन्स्टंट ग्लू वापरलात आणि कोन एक मिलिमीटर तिरका बसला, की कॉइल घासणार आणि पुन्हा सगळं कापावं लागणार. चोवीस तास हात लावायचा नाही, मगच पट्ट्या काढून नवी डस्ट कॅप.

पण माझ्या जोडीतल्या एका वूफरच्या कॉइलचे वेढे सुटले होते. मधोमध बसवूनही खरखर जात नव्हती. तिथे सराउंड बदलून भागत नाही, कॉइल बदलावी लागते, म्हणजे रीकोन. म्हणून बाहेर पाठवली. आणि दोन्हींचे कोन सारखे असावेत म्हणून चांगला वूफरही सोबत पाठवला. हा शहाणपणा माझाच.

पहिली खूण त्याच्या जुन्या कामांच्या फोटोंतच होती. जेबीएल एल१०० या जुन्या स्पीकरचा पांढऱ्या कोनचा वूफर, खाली ओळ: "ओरिजिनलसारखा नवीन फोम टाकून दिला." त्या वूफरला कारखान्यातूनच फोम नव्हता. त्याला घड्या घातलेलं कापडी सराउंड असतं, ते सडत नाही. त्यावर फोम चढवणं म्हणजे चांगली वस्तू बिघडवणं. हे वाचून मी हसलो होतो. "कारागीर माणूस आहे, लिहिताना चुकला असेल." चुकला नव्हता, त्याला माहीतच नव्हतं.

दुसरी खूण मल्टीमीटरच्या फोटोत. नव्या कॉइलवर ७.९ ओहम दाखवणारा मीटर आणि सोबत, "सर, बघा, पूर्ण आठ ओहम आलं!" आठ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स आठ सहसा नसतो, साधारण साडेपाच ते साडेसहा-सात. आठ हा इम्पीडन्सचा (एसी प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) नाममात्र आकडा आहे, तो वारंवारतेप्रमाणे बदलतो आणि मल्टीमीटरवर दिसत नाही. पाठवण्याआधी माझ्या जोडीचे आकडे मी स्वतः घेतले होते: ५.९ आणि ६.०. म्हणजे एकतर कॉइल चुकीची होती, नाहीतर फोटोतला स्पीकर माझा नव्हता. मी काय केलं? "मीटरच्या वायरी बारीक असतील, टोकं गंजली असतील, त्यात अर्धा-एक ओहम जातो" असं मनाशी म्हटलं. त्याने मला एवढं समजावलंही नव्हतं. त्याच्या थापेचं स्पष्टीकरण मीच शोधून मलाच दिलं, आणि नंतरही प्रत्येक वेळी तेच करत राहिलो.

मॅग्नेटचे ७,२५० तर मी जवळजवळ आनंदाने दिले. तो म्हणाला, कॉइल हलते त्या गॅपमध्ये गंज होता, साफ करायला चुंबकावरची टॉप प्लेट उघडली, त्यामुळे अल्निको उतरलं. यातलं अर्धं वाक्य शंभर टक्के खरं आहे. अल्निकोचं चुंबकत्व नाजूक असतं, चुंबकीय मंडल उघडलं की ते घटतं आणि पुन्हा बंद करून मोठा विद्युत झटका देणाऱ्या यंत्रावर चार्ज करावं लागतं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मान डोलावली. पण उरलेलं अर्धं? गॅपमधला कचरा काढायला अल्निकोची मोटर (चुंबक आणि गॅपचा भाग) कोणी शहाणा माणूस उघडत नाही. मास्किंग टेप दुमडून गॅपमध्ये फिरवली की कण चिकटून येतात, हट्टी कणांना चिकट पुट्टीची बारीक कांडी. तो एक प्रश्न विचारला असता, "टेपने का नाही काढलं?", तर तिथेच त्याची बोलती बंद झाली असती. दुसरा प्रश्न, चार्ज करण्याआधीचा आणि नंतरचा क्यूटीएस (कोनाची हालचाल किती आवरली जाते ते दाखवणारा आकडा) किती? चुंबक उतरलं की क्यूटीएस वाढतो, चार्ज झालं की खाली येतो. ज्याने खरंच चार्ज केलं त्याच्याकडे हे दोन आकडे असतात. ते दाखवल्याशिवाय या कामाचा रुपयाही देऊ नका.

आता तो क्षण. रोज रात्री मी तिथेच परत जातो.

पाठवताना माझ्या पावतीवर वजन होतं १३.४ किलो. परतीच्या पावतीचा फोटो त्याने पाठवला, त्यावर ८.२ किलो. दोन्ही पावत्या माझ्या फोनमध्ये एकाखाली एक होत्या. पाच किलो दोनशे ग्रॅम. मी तो आकडा वाचला. नजरेतून सुटला असं नाही, वाचला! आणि म्हटलं, आपण प्लायवूडची पेटी केली होती, त्याने थर्माकोल आणि पुठ्ठा वापरला असेल. पेटी तेवढी जड होती का? नव्हती, तीन किलोही नव्हती. वजाबाकी करायला कागदसुद्धा लागला नसता. त्याऐवजी मी ११,८०० पाठवले आणि "सांभाळून पॅक केलंय ना?" असं विचारलं. "सर, एकदम निश्चिंत राहा."

खोक्यात काय निघालं ते दोन ओळींत. पत्र्याची बास्केट, मागे डब्यासारखं टोपण, त्यावर नवंकोरं लेबल. बाजूने स्क्रू धरला तर तो खटकन ओढला गेला. अल्निकोची पोलादी वाटीची मोटर असेल तर चुंबक आत असतो आणि वाटीच चुंबकीय वाट पुरी करते, त्यामुळे बाहेर ओढ फार कमी. फेराइटच्या (दुसऱ्या जातीच्या चुंबकाच्या) चकतीची ओढ बाजूंनी सांडते. टोपण उचकटलं, आत बोटभर जाडीची फेराइट चकती. रेझोनन्स (कोन ज्या वारंवारतेला आपोआप सर्वांत जास्त हलतो ती) माझ्या जोडीचा २८ आणि २९ हर्ट्झ होता, या दोघांचा ४६ आणि ५३. दोघांचा एकमेकांशीही मेळ नाही. त्याचं उत्तर तयार होतं, "नवीन स्पायडर आहे सर, वाजवून सैल होईल." सैल होतो, पण काही हर्ट्झने. ५३ चे २८ होत नाहीत. कॅपॅसिटरही तसेच: ८ मायक्रोफॅरड छापलेल्यांपैकी एक ६.७ निघाला, दुसरा ७.१. फोनवर एवढं बोलणं झालं ते शेवटचं.

मग सुरू झाली दुसरी फरफट.

चौकीत पहिला प्रश्न: "पार्सल मिळालं ना? स्पीकर आलेत ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, हे माझे स्पीकर नाहीत. "कशावरून?" चुंबक वेगळा आहे म्हटल्यावर शेजारच्याने मान वर करून विचारलं, सत्तेचाळीस हजारांत नवे आले नसते का? यावर काय बोलणार! मूळ वस्तूचं बिल मागितलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पीकरचं बिल. शेवटी "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणी आहे" असं सांगून एका साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. बँकेत गेलो तर पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, आम्ही काय करणार. पाच वेळा पाठवलेत, पाचही वेळा तुम्हीच. हे मला मोठ्याने वाचून दाखवलं, मागे रांग उभी असताना. कुरियरवाल्यांनी वजनातला फरक कबूल केला, आणि मग माझ्याच हस्ताक्षरातला फॉर्म पुढे सरकवला: घोषित किंमत २,००० रुपये. शुल्क वाचवायला मीच लिहिली होती. आता कुठेही तक्रार केली की तोच कागद माझ्याविरुद्ध उभा राहतो.

त्याहून वाईट पुढे घडलं. काही आठवड्यांनी एक जोडी विक्रीला दिसली, बास्केटवर चौथ्या स्क्रूच्या भोकापाशी गॅस्केट (कडेची पट्टी) सोलून धातूपर्यंत गेलेला ओरखडा. तो माझ्या पेचकसाचा. फोटो घेऊन पुन्हा चौकीत गेलो. "आधीचा फोटो आहे का त्या ओरखड्याचा?" नाही. मी सगळे फोटो समोरून काढले होते, कोन दिसेल असे. सराउंड किती सडलंय ते कळावं म्हणून.

तर, वूफर बाहेर पाठवायचाच असेल तर मागची बाजू आधी टिपा. नंबर, गॅस्केट, टर्मिनल, टाके, सगळं. बास्केटच्या आतल्या बाजूला सुईने खूण ओरखडा आणि तिचाही फोटो घ्या. प्रत्येक ड्रायव्हर (कॅबिनेटबाहेरचा सुटा स्पीकर) पेटीत घालण्याआधी उघडा वजन करा. घोषित किंमत खरी लिहा, शुल्क झोंबलं तरी. डीसी रेझिस्टन्स मोजायला मीटरची टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा आधी वजा करा, म्हणजे माझ्यासारखी सबब सापडणार नाही. रेझोनन्स मोजणं अवघड नाही: अॅम्प्लिफायर आणि उघडा ड्रायव्हर यांच्यामध्ये मालिकेत १,००० ओहमचा रेझिस्टर, फोनवरून टोन, ड्रायव्हरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज. टोन हळूहळू वर न्यायचा, व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त तो रेझोनन्स. आकडे तारखेसह लिहून ठेवा. जुनी कॉइल आणि कोन परत मागा, आधीच, लेखी. खरा कारागीर ते देतो, बरेचदा न मागता. आणि बिघडला असेल तेवढाच पाठवा, जोडीची हौस पुढे बघता येईल.

कॅबिनेट जागेवर आहेत. व्हिनियर नवं लावलंय, सांधे पुन्हा चिकटवलेत, पुढे दोन गोल भोकं. ट्वीटरही (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) वाचले. तेही त्याने मागितले होते, "सोबत पाठवा सर, फुकट चेक करून देतो." मी पाठवणारच होतो. त्या मापाचं खोकं घरात नव्हतं.