निम्हान्सचं आई-बाळ युनिट, बेंगळुरू: बहिणीसोबत राहिले तो अनुभव

आम्ही बेळगावचे. धाकट्या बहिणीची डिलिव्हरी नॉर्मल झाली, पाचवीपर्यंत सगळं ठीक होतं आणि मग तिची झोपच उडाली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, सारखी बडबड, आणि आठव्या दिवशी बाळाकडे बघून म्हणाली, ताई हे माझं नाहीये, कोणीतरी बदललंय. घरात कोणी बाळंतवात म्हणालं, कोणी बाहेरचं. नंतर कळलं, हा पोस्टपार्टम सायकोसिस, म्हणजे बाळंतपणानंतर होणारा गंभीर मानसिक आजार. एका हॉस्पिटलात नेलं तर म्हणाले हिला एकटीला ॲडमिट करू, बाळ घरी ठेवा. मी तिथंच रडले.

ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी निम्हान्सचं, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, गाडी करून रातोरात नेलं. तिथे 2009 पासून आई-बाळासाठी वेगळं युनिट आहे, देशातलं असं पहिलंच, 5 बेडचं.

बाळ तिच्याजवळच राहिलं, माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं. पण तिच्या भरवशावर सोडलं नव्हतं हां, सुरुवातीला मी नाहीतर सिस्टर कायम शेजारी, रात्री बाळाला मी सांभाळायचे कारण तिला सलग झोप मिळणं हाच उपचाराचा मोठा भाग. औषधं ठरवताना अंगावर पाजतेय हे धरूनच ठरवली. बाळाला घेते कशी, त्याच्याशी बोलते का, हे पण रोज बघायचे. एका सकाळी तिने आपणहून तेलाची वाटी मागितली आणि त्याची टाळू भरली, आमची आई फोनवर ऐकून कितीतरी वेळ बोललीच नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पण आहे, 3 वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडायचं नाही, बाळाला धोका असेल तरच आणि तेही तेवढ्यापुरतं. मला हे आधी माहीत असतं तर त्या हॉस्पिटलात विचारलं असतं.

जाणाऱ्यांनी घरातली एक बाई सोबत राहील अशी सोय करा, बाळाचे कपडे दुपटी जास्त घ्या. कुठे जायचं सुचत नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, 24 तास, मराठीत बोलता येतं. हजारात एक-दोन बाळंतिणींना हा आजार होतो आणि बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच, त्यामुळे झोप उडून असं काही बोलायला लागली तर बारशापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी न्या.

बहिणीच्या गोळ्या अजून चालू आहेत. पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच येऊन भेटा असं सांगितलंय, कारण हे परत होऊ शकतं.