खोलीतली थेरपी की कुळागरातली? गोव्यात राहून निवड करताना

आई गेल्यानंतरच्या वर्षी मी पाच महिने पणजीत एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जात होते. सुरुवातीची सेशन्स तिच्या खोलीत झाली. नंतरची काही आम्ही सावईवेऱ्याच्या बाजूला, तिच्या ओळखीतल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीत केली. बाई तीच, मी तीच, दुखणंही तेच. बदलली ती फक्त जागा. गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, "मावशी, मी खोलीत बसून बोलू की त्या बाहेरच्या थेरपीला जाऊ?" तिला सहा महिने धड झोप नाही, ऑफिसात मध्येच छातीत धडधडतं, आणि मोबाइलवर सारख्या 'नेचर हीलिंग'च्या जाहिराती येतात. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी नावांचा गोंधळ. गोव्यात निसर्ग आणि मन हे दोन शब्द एकत्र आले की त्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मिळतात. एक, जंगलात सावकाश, न बोलता फिरणं. जपानच्या वनखात्याने 1982 साली याला शिनरिन-योकु हे नाव देऊन ते लोकांमध्ये रुजवलं. दुसरी, समुद्राकाठची तीन-चार दिवसांची रिट्रीट. या दोन्हींनी बरं वाटतं, पण तिथे तुमच्या दुखण्यावर काम होत नाही. तिसरी म्हणजे खरी थेरपी: तुमची सगळी हकिगत घेतलेली, काय साधायचं ते ठरलेलं, दर आठवड्याची वेळ बांधलेली, फक्त भोवती भिंती नाहीत. आपल्याकडे 'नेचर थेरपिस्ट' अशी कुठलीही सरकारी नोंदणी नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. तो क्रमांक मागून घ्या. ज्याच्याकडे तो आहे, त्याला सांगायला अवघड वाटत नाही.

निसर्गाचा मनावर परिणाम होतो, यात मला शंका नाही. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास 1984 साली छापून आला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. 2019 मध्ये इंग्लंडातल्या सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्यात किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे आपली तब्येत आणि मन ठीक असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती मिनिटं एकदम घालवली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नाही. पण हे सगळं झाडांविषयी आणि चालण्याविषयी झालं. कुळागरात केलेली थेरपी खोलीतल्या थेरपीपेक्षा सरस, असं यातून निघत नाही, आणि जाहिरातीत नेमकी हीच उडी मारलेली असते.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये जाऊन सांगत होता की संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्याच्या अंगात नसते, ती समोरच्याच्या स्वतःच्या मनात असते. जंगल आपोआप बरं करतं असं कोणी म्हणालं की मला तो पुतळा आठवतो.

आता माझा अनुभव. खोलीत मी फार व्यवस्थित बोलायचे. समोर ती, मध्ये टिशूचा डबा, भिंतीवर घड्याळ. आईच्या आजारपणाचा क्रम, औषधं, कोण कधी आलं, सगळं तारीखवार. कुळागरात आम्ही पाटाच्या कडेने चालत होतो, वाट एकावेळी जेमतेम दोघींपुरती. पोफळीची पडलेली झावळं ओलांडताना दोघींची नजर खाली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आणि तिथे, पायाखाली बघता बघता, माझ्या तोंडून निघून गेलं की आई गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. चार महिने हे वाक्य माझ्या घशात होतं. ती थांबली नाही, वळलीही नाही, तशीच चालत राहिली. समोरासमोर बसून मला ते जमलं असतं असं वाटत नाही.

पण लगेच पुढचंही सांगायला हवं. पाच-सात मिनिटांतच पाण्याला वाट करून देणारा तिथला कामगार खोरं घेऊन समोर आला आणि आपुलकीने विचारता झाला, "तुमी खंयचीं गो?" झालं! मी त्याला गाव सांगितलं, कोणाची कोण ते सांगितलं, आणि ते मघाचं वाक्य कुठेतरी आत परत गेलं. त्या दिवशी ते पुन्हा वर आलं नाही. पुढच्या आठवड्यात खोलीत, दार लावून, आम्ही तिथून सुरुवात केली आणि दोन सेशन्स फक्त तेवढ्यावरच बोललो. कुळागराने ते बाहेर काढलं, खोलीने ते धरून ठेवलं. मला दोन्ही लागलं.

म्हणून गोव्यात या निवडीत सगळ्यात मोठा मुद्दा गोपनीयतेचा आहे असं माझं ठाम मत आहे. मोठ्या शहरातल्या बागेत तुम्हाला कोणी ओळखत नाही. इथे मिरामारला सकाळी फिरताना दोन तरी ओळखीचे भेटतात, आणि डिचोली-वाळपईत तर चेहऱ्यावरून घराणं ओळखतात. याची दुसरी बाजूही आहे. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या फाटकातून आत जाताना जिचा पाय अडखळतो, तिला एका बाईबरोबर माडांखालून फिरण्यात अवघडलेपण वाटत नाही. बघणाऱ्याला त्या दोन मैत्रिणीच दिसतात. तुम्हाला नेमकी कशाची भीती आहे, कोणी बघेल याची की कोणी ऐकेल याची, हे स्वतःला विचारा. बघण्याची असेल तर बाहेर सोपं जाईल. ऐकण्याची असेल तर खोलीच हवी.

ऋतूचं गणित सरळ आहे. जून ते सप्टेंबर पावसात सलग तास मिळणं कठीण, आणि धबधब्यांच्या जागांवर बंदीचे हुकूम निघतात. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. सत्तरी तालुक्याच्या रानात डिसेंबर ते मे या काळात माकडतापाचा धोका असतो. 2015 पासून तिथे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. थेरपिस्ट गोव्याबाहेरचा असेल तर त्याला हे माहीत नसण्याची शक्यता बरीच. किनाऱ्यावर दुपारनंतर वारा इतका असतो की आवाज चढवून बोलावं लागतं, आणि मनातलं कोणी ओरडून सांगत नाही. त्यामुळे कुंपण असलेलं कुळागर किंवा खाजगी परसू मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हातली सेशन्स ठरवू नका. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्याच्या अंगातून एप्रिलच्या उकाड्यात घाम जास्त गेला, तर रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढून ते अपायकारक होऊ शकतं. मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी ऊन सोसत नाही. आणि जीव द्यावासा वाटणं, भास होणं, दारू सोडताना अंग थरथरणं, यांपैकी काही असेल तर खोली की कुळागर हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि आजच बांबोळीला किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा फोन चोवीस तास चालतो. आघाताच्या आठवणी ज्यांना अचानक घेरतात, त्यांनाही सुरुवात बंद खोलीतच करावी असं मी सुचवेन. बाहेर कुत्रा भुंकेल, फटाका वाजेल, कोणी मागून येईल. त्यावर कोणाचाच ताबा नसतो.

भाचीने विचारलेलं नव्हतं, पण तिसरी वाटही आहे आणि ती स्वस्त आहे. 1996 पासून गोव्यात काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरचा एक छोटा उपचार तपासून पाहिला, त्याचे निष्कर्ष 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अर्ध्या-पाऊण तासाची सहा ते आठ सेशन्स, तीही डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी घेतलेली. त्याचा गाभा असा की माणूस खचला की एकेक गोष्ट करणं सोडतो आणि सोडल्यामुळे आणखी खचतो. म्हणून बरं वाटण्याची वाट न बघता थोडंथोडं करायला लागायचं. म्हणजे बोलणं खोलीत आणि गृहपाठ बाहेर. देवळापर्यंत चालत जाणं, माडांना पाणी घालणं, हेच गृहपाठ. नेहमीच्या फीमध्ये बसतं, पावसात खंड पडत नाही, आणि आजूबाजूला आपलं बोलणं ऐकणारं कोणी नसतं.

भाचीला मी सांगितलं, आधी माणूस निवड, जागा मागाहून. पहिली तीन-चार सेशन्स खोलीत घे. धडधड म्हणजे थायरॉइड वगैरे नाही ना, हे डॉक्टरांकडून बघून घे. मग बाहेर जायचं असेल तर थेरपिस्टला चार गोष्टी विचार: वाटेत पाऊस आला तर सेशन कुठे, जाण्या-येण्याचा वेळ फीमध्ये धरता का, मला मध्येच परतावंसं वाटलं तर काय, आणि ओळखीचं कोणी भेटलं तर तुम्ही माझ्या कोण. शेवटचं उत्तर माझ्या थेरपिस्टकडे तयार नव्हतं, म्हणून त्या कामगारापुढे आम्ही दोघीही गप्प उभ्या राहिलो. भाचीने गेल्या मंगळवारी पहिल्या सेशनलाच तो प्रश्न विचारला. तिची थेरपिस्ट म्हणाली, "तू जी सांगशील ती."