चिंचेरोची विणकाम केंद्रं : बघायला फुकट, घेताना पारखून

पेरूत कुस्कोहून उरुबांबाच्या रस्त्याला साधारण 30 किलोमीटरवर चिंचेरो लागतं. इथल्या क्वेचुआ या मूळनिवासी समाजातल्या बायकांच्या विणकाम केंद्रांत प्रात्यक्षिकाचे सहसा पैसे पडत नाहीत. कोकाच्या पानांचा चहा मिळतो, शेवटी दुकानात नेतात. तो सौदाच आहे, त्यात वावगं काही नाही. पर्यटन तिकीट लागतं ते इंकाकालीन अवशेषांसाठी. उंची 3,700 मीटरच्या वर, म्हणजे कुस्कोपेक्षाही जास्त; पेरूत उतरल्या उतरल्या इथे धावू नका.

बघण्यासारखं आहे ते रंगकाम. निवडुंगावरचा वाळलेला कोचिनियल किडा तळहातावर चुरडला की गडद लाल उतरतो. लिंबू पिळलं की तोच केशरीकडे झुकतो, क्षार पडला की जांभळट होतो. चिल्का नावाच्या झुडपाच्या पाल्यातून हिरवा काढतात. बसने आलेल्या गटांना मात्र हे सगळं घाईत उरकून दाखवतात.

दुकानात हातमागाच्या शेजारीच यंत्रावरचा मालही टांगलेला असतो, आणि विचारल्याशिवाय कोणी फरक सांगत नाही. कापड उलटून बघा. इथलं पारंपरिक नक्षीकाम पैठणीसारखं दोन्हीकडून स्वच्छ दिसतं, फक्त मागे रंगांची अदलाबदल झालेली असते. पाठीमागे लांब सुटे धागे लोंबत असतील तर शंका घ्या. कंबरेला बांधायच्या मागावरच्या कापडाच्या चारही कडा विणूनच संपतात, कात्री लागत नाही. ल्यिक्ल्या, म्हणजे बायकांची खांद्यावरची शाल, दोन पट्टे मधोमध जोडून होते. ती शिवण दोष समजू नका. चिंचेरोची खरी ओळख काठाला : ‘न्यावी आवापा’ ही डोळ्यांच्या नक्षीची गोल नळीसारखी किनार, विणता विणताच कापडाला शिवत नेलेली. ती नीट असेल तर किमतीवरून फार घासाघीस करू नये.

अल्पाका हा इथला लोकर देणारा प्राणी. ‘बेबी अल्पाका’ म्हणजे त्याच्या पिल्लाची लोकर नव्हे, तंतूच्या बारीकपणाची प्रत आहे. ढिगाने रचलेल्या केसाळ, स्वस्त शाली बहुतेक ॲक्रिलिकच्या. विक्रेतीला विचारून एखादा सुटा धागा जाळून बघा : लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते, ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते.

रोख सोल, म्हणजे पेरूचं चलन, जवळ ठेवा. घरी धुताना गार पाणी आणि सौम्य शाम्पू. कपड्यांची पावडर बहुधा क्षारीय असते, तिने कोचिनियलचा लाल जांभळट पडू शकतो.