जेएम रोडवरचा वॉक: नाश्त्याला पाच स्टार, डीजेला शून्य

बोलायला अडचण येणाऱ्या मुलांसाठी पुण्यात चॅरिटी वॉक होता, रविवारी जाऊन आलो. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण थोडी खरडपट्टी काढणार आहे आणि माणसं मनाने चांगली होती. आधी मी कशाला गेलो ते सांगतो. माझा भाचा साडेपाच वर्षांचा आहे, त्याला अ‍ॅप्रॅक्सिया आहे. म्हणजे ऐकू नीट येतं, कळतं सगळं, जीभही ठणठणीत आहे, पण कुठल्या अक्षराला ओठ कधी मिटायचे आणि जीभ कुठे लावायची हे मेंदूकडून ठरून यायला हवं ना, तिथेच गडबड होते. त्यामुळे 'पाणी' एकदा 'टाणी' होतं, पुढच्या वेळी 'आणी', आणि एखाद्या दिवशी झकास 'पाणी' निघतं, की लगेच लोक म्हणणार बघा येतंय की त्याला, लाडावलाय नुसता. आमच्या आत्यांनी तीनदा वेखंड पाठवलंय, उगाळून चाटवा म्हणून. घरात मराठीसोबत इंग्लिश बोलता म्हणून असं होतं हेही ऐकून झालंय, त्याचा काहीएक संबंध नसतो.

तर वॉक. रजिस्ट्रेशन माणशी ४००, लहान मुलांना फ्री, टीशर्ट आणि नाश्ता त्यातच. २२ ऑक्टोबरला तोतरेपणाचा जागतिक दिवस असतो, त्याच्या आसपासचा रविवार धरला होता आणि टीशर्टचा रंगही त्या दिवसाच्या रिबनचा, समुद्री हिरवा. सकाळी साडेसहाला बालगंधर्वपासून निघायचं, जेएम रोडने डेक्कन, गुडलक चौकातून वळून एफसी रोडने परत. साडेसहा म्हणजे सात दहा, हे पुण्यात धरूनच चालायचं. जेएम रोडचा फूटपाथ रुंद आहे, स्ट्रॉलर, आजीआजोबा सगळे आरामात गेले. एफसीवर मात्र वैशाली हॉटेलबाहेर नंबर लावून उभे असलेल्यांतून वाट काढावी लागली, पण खरं सांगू तिथेच मजा आली, कारण एका काकांनी विचारलं कशासाठी हो हे, आणि ताईने जे सुरू केलं ते काकांचा नंबर आला तरी थांबेना.

आता खरडपट्टी. सुरुवातीला चाळीस मिनिटं डीजे, आणि स्टेजसमोरच्या भिंतीएवढ्या स्पीकरपाशी आपली पोरं. अहो ज्या मुलाला एकेक शब्द जुळवून बाहेर काढायचाय त्याला त्या दणदणाटात कोण ऐकणार आणि तो कशाला प्रयत्न करणार? त्यात अँकर माइक घेऊन मुलांपुढे, 'चला बेटा, सगळ्यांना नाव सांगा, जोरात!' एक सातआठ वर्षांची मुलगी अडखळली तर या बाईंनी तिचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाळ्या वाजवून घेतल्या. मुलीने माइककडे पाठ फिरवली ती शेवटपर्यंत. वॉक ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याशी कसं बोलायचं हे अँकरला आदल्या दिवशी दहा मिनिटं सांगितलं असतं तरी झालं असतं.

आणि गंमत म्हणजे हे सांगणारी पाटी तिथेच लावलेली होती! नाश्त्याच्या टेबलावर, अस्सल पुणेरी: 'मूल बोलत असताना वाक्य आपण पूर्ण करू नये. आपणांस विचारलेले नाही.' ज्याने कुणी लिहिली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

हा नाश्त्याचा काउंटर म्हणजे या वॉकमधली सगळ्यात भारी गोष्ट, तेवढ्यासाठी जा. तिथे तोंडाने ऑर्डर द्यायची नाही, सगळ्यांनीच. पुढे चित्रांचा बोर्ड, पोहे, उपमा, चहा, 'अजून', 'नको', 'तिखट', बोट ठेवायचं आणि मिळवायचं. मोठी माणसं जाम गोंधळली, मला 'पोह्यांवर शेव नको पण लिंबू पाहिजे' हे सांगायला चार प्रयत्न लागले, शेवटी शेव खाल्ली. भाच्याने मात्र पोहे, अजून, अजून, चहा अशी दणादण बोटं ठेवली, घरी असाच बोर्ड आहे ना त्याच्याकडे. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांना त्याने 'तिखट' कुठे आहे ते दाखवून दिलं.

शेजारी स्पीच थेरपीची डिग्री करणाऱ्या मुलींचा स्टॉल होता, गर्दी कमी, माहिती जास्त. थेरपिस्ट निवडताना आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर विचारा, हे त्यांनीच सांगितलं आणि ते फार कामाचं आहे. दिव्यांग प्रमाणपत्राचंही विचारलं. २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत वाचा-भाषा आहे, पण व्याख्येत 'कायमस्वरूपी' शब्द आहे, त्यामुळे लहान मुलाचं काम सहज होत नाही. माइकवरून याची एक ओळ नाही, स्पॉन्सरचं नाव मात्र अकरा वेळा. मोजलं मी.

पैशांचं विचारणं आलंच, पुणेकर आहोत. ताईला ४५ मिनिटांच्या सेशनचे ८०० पडतात, आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारांच्या वर आणि हे वर्षानुवर्षं. त्या हिशोबाने माझे ४०० म्हणजे अर्धं सेशन. पण त्यातले थेरपीला किती जातात? व्हॉलंटियर म्हणाला दादा मेल करा. केला. चार दिवसांनी व्यवस्थित उत्तर आलं, २५० थेरपी फंडात, बाकी टीशर्ट आणि परवानग्या, नाश्ता स्पॉन्सरकडून. मग हे बॅनरवरच छापा ना बाबांनो, लोक जास्त देतील. वेगळी देणगी द्यायची तर ऑनलाइन द्या, २००० च्या वर रोख दिली तर देणगीवरची टॅक्सची सूट मिळत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर तसंही काही मिळणार नाही.

अमेरिकेत अ‍ॅप्रॅक्सिया किड्स म्हणून संस्था आहे, ते असे वॉक करतात आणि मुलांना मेडल घालतात, ताईने व्हिडिओ बघितलेले त्यामुळे ती मेडलची वाट बघत होती. इथे मेडल स्पॉन्सरच्या साहेबांना मिळालं.

५ पैकी साडेतीन. पुढच्या वर्षी जाणार आहोत, पण सात दहाला, डीजे संपल्यावर. टीशर्ट एक साइज मोठा घ्या आणि पहिल्यांदा वेगळा धुवा, माझे दोन पांढरे बनियन समुद्री हिरवे झालेत.