मागची बाजू न बघता १,८५,००० येन घालवले

लाज वाटतेय लिहायला, पण तोक्योतले आपले बरेच जण हल्ली जुनी जपानी चित्रं घ्यायला लागलेत म्हणून लिहितोय. हिरोशिगे, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला एकोणिसाव्या शतकातला चित्रकार, त्याच्या नावाखाली मला फ्रेममधलं कॅलेंडर विकलं गेलं. १,८५,००० येन, वर कुरिअरचे २,४००. रुपयात लाखाच्या वर.

चित्र सुरुगा-चोचं, म्हणजे निहोनबाशीतल्या एका जुन्या रस्त्याचं, हिरोशिगेच्या 'एदोची (जुन्या तोक्योची) शंभर दृश्यं' या मालिकेतल्या वसंताच्या भागातलं, १८५६ चं. समोर सरळ रस्ता, दोन्हीकडे मित्सुईंचं कापडदुकान, रस्त्यावर माणसं आणि ढगांच्या वर फुजी. माझं ऑफिस निहोनबाशीत, त्याच भागातून रोज चालत जातो, म्हणून जीव अडकला.

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवरच्या विकणाऱ्याने आधी ६,५०० ला एक आतोझुरी दिलं, म्हणजे जुन्याच ठोकळ्यांवरून नंतर काढलेली प्रत. ते अगदी खरं निघालं. मग "अ‍ॅपबाहेर बँकेत टाका, कमिशन वाचेल". पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मी अगदीच बावळट नाही हो, मागच्या बाजूचा फोटो मागितला होता. त्याने फ्रेमच्या मागचा पाठवला, पुठ्ठा आणि दोन खिळे. आणि मी काय केलं, तर हात जोडलेला इमोजी टाकून थँक यू म्हटलं! चित्र आलं त्या रात्री व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले, "कागद कसला आहे रे? मागून दाखव की." सांगलीत आमचा छापखाना होता, लग्नपत्रिकांचे ठिपके भिंगातून बघत मी मोठा झालो, आणि मी त्यांना सांगतोय की फ्रेम सील आहे, उघडली तर दमट हवा लागते. विकणाऱ्याचंच वाक्य, जसंच्या तसं.

दीड महिन्याने जिन्बोचोतल्या (तोक्योतला जुन्या पुस्तकांचा बाजार) एका म्हाताऱ्या दुकानदाराने काचेवरूनच भिंग धरलं आणि म्हणाला, "इन्सात्सु देसु ने." मशीनवर छापलेलं. आकाशातल्या लाल रंगात नुसते ठिपके. लाकडी ठोकळ्याचा रंग कागदात मुरतो, मागे उमटतो, बारेन, म्हणजे कागद ठोकळ्यावर दाबायची चकती, घासल्याच्या खुणा दिसतात. फ्रेम उघडली तर माझ्याकडे मागे पांढराशुभ्र कागद. म्हणून सील असलेली फ्रेम घेऊच नका. आणि ओबान, म्हणजे या चित्रांचा नेहमीचा मोठा साइज, साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटर असते, पट्टी लावून बघा, माझं ३४ भरलं, ते मी मोजलंच नव्हतं.

पोलीस चौकीत गेलो तर पाऊण तास बसवून म्हणे हे मिन्जी, दिवाणी प्रकरण, हिगाई-तोदोके (गुन्ह्याची तक्रार) घेता येणार नाही, आधी बँकेशी बोला. बँक म्हणते पोलिसांचा तक्रार नंबर आणा. परत चौकीत, तर साहेब बदललेले, पहिल्यापासून सगळं सांगा, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत, आणि शेवटी विचारतात "पण चित्र तर मिळालं ना तुम्हाला?" अ‍ॅपवाले म्हणतात पैसे बाहेर दिलेत, आमचा संबंध नाही. कूलिंग ऑफ, म्हणजे काही दिवसांत खरेदी रद्द करायची सोय, ती पण नाही, ते घरी येऊन विकणाऱ्यांना लागू, ऑनलाइनला नाही. तीन सुट्ट्या गेल्या यात. मेसेजेसचे स्क्रीनशॉट लगेच काढा, माझे निम्मे त्याने डिलीट केले.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. परवा त्याच माणसाने नव्या नावाने हिरोशिगेचंच म्हणून आसुकायामा टेकडीचं चित्र विकायला टाकलंय, फुललेले साकुरा, १,६०,०००, फ्रेमसकट, तोच पुठ्ठा आणि तेच दोन खिळे.