जुन्या वाड्याची चौकट, दार आणि कौलं: पावसाळा काढल्यानंतर

निपाणी, खानापूर, बेळगाव भागात जुने वाडे उतरवले की लाकूड-कौलं जुन्या मालाच्या वखारीत येतात. आम्ही तिथून घेतलेलं सागवानी चौकट-दार आणि पडवीवरची मंगळुरी कौलं आता सगळे ऋतू बघून झालीत.

चौकट घेताना नक्षीच्या आधी पाय बघा. उंबऱ्यालगतची सहा-आठ इंच जागा ओल पिऊन कुजलेली असते, आणि तिथंच लांबी (पुट्टी) भरून वर ऑइलपेंट मारलेला असतो. जाड दाभण टोचा. सहज आत गेला तर तेवढा भाग कापून नवं सागवान जोडावं लागणार, ती मजुरी भावातून वजा करूनच बोला. मग दोन्ही कर्ण मोजा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक म्हणजे सांधे ढिले. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कडेचा पांढरट भाग मात्र ती सोडत नाही. बारीक भोकांतून ताजी पिठी गळत असेल तर आत कीड जिवंत आहे, तो नग सोडा.

रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा, नाहीतर पातं गेलंच. जुना रंग ब्लो-लॅम्पच्या दिव्यानं जाळू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणणारा नियम लागू झाला २०१७ साली. वाड्यावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. रिमूव्हर लावून ओलंच खरवडा, मास्क लावून.

‘जुनं लाकूड मुरलंय, हलत नाही’ हे वखारीतलं बोलणं अर्धंच खरं. जुलैत आमच्या दाराच्या दोन्ही फळ्या मध्ये एकमेकींना घासायला लागल्या. अशा वेळी लगेच रंधा मारून घेऊ नका. थंडीत लाकूड आकसलं की तिथं फट पडते. आमच्याकडं दिवाळीनंतर दार आपोआप मोकळं झालं. बसवतानाच तीनेक मिलिमीटर जागा सोडावी आणि फळीच्या वरच्या-खालच्या कडांना जवसाचं तेल पाजावं. मेस्त्री नेमक्या त्याच कडा कोऱ्या सोडतात, आणि पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं.

कौलांचं एकच सांगणं: एकाच शिक्क्याची घ्या. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत, आणि वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आला की तिथूनच गळतं. बासेल मिशनचा (मंगळुरी कौलांचे जुने नावाजलेले कारखानदार) शिक्का असला की भाव चढतो. छपराला त्याचा काही उपयोग नाही. बोटानं वाजवून बघा, खणखणीत आवाज हवा. बद्द वाजलं तर तडा आहे. फुटतूट धरून शेकडा दहा जास्त घ्या, तोच शिक्का पुन्हा मिळेलच असं नाही.

पितळी कड्यांनासुद्धा चुंबक लावा. चिकटली तर आत लोखंड आहे.

लाकडाची पावती मागून घ्या. माल हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडं न्यायचा असेल तर सागवानाच्या वाहतूक परवान्याचं गाडी भरण्याआधीच वनखात्याच्या कार्यालयात विचारा.